आत्यांनी ओळखलेली म्होरी

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. लातूरच्या आमच्या परसात नवीन काही उगवलं की त्या आधी पान चुरगाळून वास घेतात, मग मत देतात. लेकानं पुण्याहून पाक चोय या चिनी पालेभाजीच्या बियांचं पाकीट आणलं तेव्हा मात्र वास घ्यायला काही नव्हतं. नुसते मोहरीसारखे गोल, काळपट दाणे.

पहिली चूक माझीच. हौसेनं फेब्रुवारीतच पेरलं. चौथ्या-पाचव्या दिवशी छान उगवलं, पण शिमग्याच्या आत रोपांनी फुलांचे डेंगळे फेकले. दिवस मोठा व्हायला लागला आणि ऊन तापलं की ही भाजी पानं वाढवायचं सोडून फुलावर जाते, हे मला कुठं ठाऊक! पांढरे गुबगुबीत देठ पाकिटावरच्या चित्रातच राहिले.

आत्या चष्मा लावून वाफ्याशी वाकल्या. चार पाकळ्यांचं पिवळं फूल तोडलं, पान चुरगाळलं. "आगं, ही तर म्होरीच्या खानदानातली हाय की! चीनची म्हणून इतकं कौतिक?"

बरोबरच होतं त्यांचं. कूळ मोहरीचंच, आणि सलगमची तर सख्खी बहीण. ते कोवळे डेंगळे कळ्यांसकट खुडून त्यांनी लसणाची फोडणी दिली, वरून बेसन पेरलं. करडईच्या भाजीसारखीच, फक्त किंचित तिखटसर. भाकरीबरोबर संपली.

दुसऱ्यांदा मी तुळशीच्या लग्नाची वाट बघितली. काळ्या मातीत निम्मं शेणखत घातलं, कारण नुसती काळी माती पाणी धरते आणि वाळली की भेगाळते. बी अर्धा सेंटिमीटरपेक्षा खोल नाही. रोपं चार पानांवर आली की विरळणी करून वीतभर अंतर ठेवलं. उपटलेली रोपं कोशिंबिरीत गेली. पाणी रोज थोडं, तेही तांदूळ-भाज्या धुतलेलं. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हापासून आमच्या मोरीत एक बादली कायम त्यासाठी असते.

किडीचं मात्र सांगायलाच पाहिजे. पानांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसायला लागली. जवळ जाऊन बघते तर खसखशीएवढे काळे चकचकीत किडे, हात नेला की टुणकन उडी! राख टाकून बघितली, पाणी घातलं की धुऊन जायची. शेवटी आत्यांचं जुनं वॉईलचं लुगडं कामट्यांवर ताणून बांधलं. शेजारीण विचारून गेली, "बाळंतीण झोपवलीय का आत?"

लेकानं आणलेल्या बियांत मिझुना नावाची जपानी भाजीही होती. करवतीसारखी पानं, वरून कापली की पुन्हा फुटते. आत्यांचा शेरा: "मुळ्याच्या पाल्यानं केस कापून घेतलेत." मला ती पाक चोयपेक्षा आवडली, खरं सांगायचं तर. एका वाफ्यातून तीनदा कापली.

पेरल्यापासून पंचेचाळीसेक दिवसांनी येळवस, म्हणजे आमच्याकडचा वेळ अमावस्येचा सण आला. गड्डे मुठीएवढे झाले होते, देठ कापताना काकडीसारखा कर्रकन आवाज आला. शेतात न्यायच्या भज्जीसाठी, म्हणजे मिसळीच्या भाजीसाठी, तुरीचे, हरभऱ्याचे दाणे, मेथी, चुका असं सगळं निवडून झालं होतं. मी दोन गड्डे घेऊन चुलीपाशी उभी राहिले, विचारायचं धाडस होईना.

आत्यांनी न बघताच पातेलं पुढं सरकवलं. "देठ आधी टाक. पानं मागून. न्हाईतर लगदा हुईल."