मागणीची वही

आमच्या पुस्तकाच्या दुकानात एक वही आहे, ती विकायची नाही. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीसाठी असते तसली. तिला सुतळीने पेन बांधलेलं आहे, कारण डोंबिवलीत गिऱ्हाईक परत येतं, पेन येत नाही. मागितलेलं पुस्तक दुकानात नसलं की तारीख, नाव, फोन नंबर आणि पुस्तकाचं वर्णन त्या वहीत लिहायचं. पुस्तक मिळालं की पुढे बरोबरची खूण. मी नोकरीला लागले तेव्हा काकांनी पहिल्या दिवशी किल्ल्या दिल्या नाहीत, ही वही दिली. म्हणाले, ‘‘हिशेब कोणीही शिकतं. हे वाचून बघ.’’

वाचलं.

‘निळं कव्हर. बहुतेक निळंच.’

‘लेखिका बाई आहेत. आडनावं दोन.’

‘रेडिओवर वाचायचे. वाचणाऱ्याचा आवाज छान होता.’

‘कोकणातलं आहे. विहीर आहे.’ (कोकणातल्या गोष्टीत विहीर नसेल तर मी पैसे परत करीन.)

पुस्तकाला नाव असतं हे लोकांच्या गावीच नसतं. आमच्या संगणकाला मात्र आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळख क्रमांकाचे, तेरा आकडे लागतात. ९७८, मग ८१ किंवा ९३, मग पुढचे. त्याला ‘निळं’ म्हटलं तर तो काहीच दाखवत नाही. काका मात्र डोळे मिटून विचारतात, ‘‘जाड होतं का? घरी कुठे ठेवलं होतं? फ्रिजवर?’’ आणि चारातलं एक तरी बरोबर काढतात. फ्रिजचा संबंध काय, ते मला अजून कळलेलं नाही.

पुस्तकाच्या दुकानात काम करतेस म्हणजे दिवसभर वाचत बसत असशील, असं माझ्या जावेला वाटतं. दिवसभर मी सुतळी सोडते. पार्सल फोडायचं, चलनाशी ताडून बघायचं, पावसाळ्यात मागच्या रॅकला कसर लागली का पाहायची आणि प्रत्येक पुस्तकाची पानं अंगठ्याखालून फर्रकन सोडायची. हे शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधतात. बाइंडरची दुपार जड गेली असेल तर एखादा फर्मा दोनदा लागतो, एखादा उलटा लागतो, एखादा लागतच नाही. ९६ नंतर थेट ११३ आलं की ती प्रत परतीच्या गठ्ठ्यात.

आणि दुकान चालतं कशावर? कादंबऱ्यांवर नाही. जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांवर, श्रावणात शिवलीलामृतावर, गणपतीत आरतीसंग्रहावर. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी महालक्ष्मी व्रताची ती इवलीशी पुस्तिका घ्यायला पायरीपर्यंत रांग लागते. पाठोपाठ दत्तजयंतीच्या सप्ताहासाठी गुरुचरित्र. ते मोठ्या अक्षरातलं हवं असतं, आणि चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढत असल्यामुळे दर वर्षी नवं. त्या पैशांतून काका कवितासंग्रह आणतात. कवितासंग्रह मग बराच काळ आमच्याकडे राहतात. घरच्यासारखेच झालेत.

२०१७च्या फेब्रुवारीत ९०वं साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं, तेव्हा मी या वहीतल्या पानांच्या झेरॉक्स पर्समध्ये घालून स्टॉल पालथे घातले होते. मंडपात काय भाषणं झाली ते मला विचारू नका. तीन दिवसांत अकरा ओळींवर खूण झाली. एका स्टॉलवाल्याने ‘निळं कव्हर’ ऐकून शांतपणे माझ्यासमोर नऊ निळी पुस्तकं मांडली.

काही ओळींवर खूण होणारच नाही, हेही हळूहळू कळत गेलं. कारण ते पुस्तक नसतंच. ती गोष्ट कुठल्यातरी दिवाळी अंकात आलेली असते. का. र. मित्र यांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस निम्मं वाचन कार्तिकात उरकतो आणि फाल्गुनात ते रद्दीत घालतो. तीस वर्षांनी आमच्या काउंटरवर येऊन विचारतो, ‘‘एक गोष्ट होती बघा...’’

सगळ्यात चिवट ओळ होती एका काकूंची. ‘मुलगा विहिरीत पडतो. घरात मोठी आत्या. शेवट आठवत नाही.’ काकू दर दोन-तीन महिन्यांनी भाजीची पिशवी घेऊन यायच्या आणि वहीत डोकावून जायच्या. लग्नाआधी गावच्या वाचनालयातून आणून वाचलेलं. पहिल्या पानावरचा पाऊस आठवतो, आत्याचं लुगडं आठवतं, शेवटच तेवढा आठवत नाही. ‘‘वयच झालं आता,’’ असं त्या स्वतःच म्हणायच्या.

मागच्या वर्षी एका प्रकाशकाच्या गोदामाची आवराआवर झाली. तिथून काकांनी एक गठ्ठा उचलून आणला. मी सवयीने पानं फर्रकन सोडत होते. मध्येच ‘विहीर’ दिसली, तशी थांबले. दोन पानं मागे गेले तर आत्या. कव्हर पिवळं.

काकूंनी पुस्तक हातात घेऊन आधी वास घेतला. मग उभ्याउभ्याच मागून उघडलं, वाचलं, एक पान मागे गेल्या, आणखी एक, आणखी एक. मी पंखा त्यांच्याकडे वळवला.

‘‘अगं, हे मी वाचलेलंच नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमचं पुस्तक १४४ला संपत होतं. आत्या दार लावते तिथे. मला वाटायचं, लेखकानेच असं अर्धवट ठेवलंय.’’

मी शेवटच्या पानाचा आकडा पाहिला. १६०.

मग त्यांनी पुस्तक मिटलं. पुढचं आता घरी पहिल्यापासून वाचणार म्हणाल्या. पर्स उघडताना त्यांचं लक्ष किमतीच्या स्टिकरकडे गेलं. स्टिकर त्यांनी नखाने अलगद उचकटलं. खाली छापील किंमत होती, ३५ रुपये.

‘‘वर १५० लावलेत तुम्ही.’’

‘‘काकू,’’ काका चष्मा पुसत म्हणाले, ‘‘हे छापलं तेव्हा डोंबिवली-व्हीटी पास केवढ्याला होता?’’

दोघंही बराच वेळ आठवत राहिले. मागे गुरुचरित्रवाल्या आजी खोळंबल्या होत्या, म्हणून मी १२० लिहून बिल फाडलं.