तालमीचा रकाना

एका लहानशा हौशी नाट्यसंस्थेची खजिनदार म्हणून मी काही वर्षे काम केले. नाटकातले मला फारसे कळत नाही. हिशेब बऱ्यापैकी कळतो, म्हणूनच ते काम माझ्याकडे आले असावे. त्या वह्यांमध्ये नाट्यगृहाचे भाडे, नेपथ्य, रंगभूषा, वेशभूषा, प्रकाशयोजना, जाहिरात, वाहतूक असे खर्चाचे सगळे रकाने होते आणि जमेच्या बाजूला तिकीटविक्री व देणग्या होत्या. एक रकाना मात्र कुठेच नव्हता. चौदा माणसे जवळजवळ तीन महिने, आपापली नोकरी आटोपून, रोज संध्याकाळी तीन तास एकत्र येत असत आणि त्या वेळाची नोंद कोणत्याही पानावर नव्हती, कारण त्याचे पैसे कोणी कोणाला दिलेच नव्हते. एकदा निव्वळ कुतूहलापोटी मी गुणाकार करून पाहिला. पाऊणशे दिवस, चौदा माणसे, तीन तास. दोन तासांच्या एका नाटकामागे तीन हजारांहून अधिक तास उभे होते. साध्या कारकुनी कामाचा दर लावला तरी येणारी रक्कम बाकी सगळ्या खर्चाच्या बेरजेपेक्षा मोठी होती.

त्याआधी कला आणि सरकारी पैसा या विषयावर माझे मत सरळ होते: लोकांना नाटक हवे असेल तर ते तिकीट काढतील, नको असेल तर करदात्याने त्याचा भार का उचलावा? हे मत मूर्खपणाचे नाही आणि आजही ते मांडणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही. परंतु तिकिटाचे पैसे नेमके कशासाठी मिळतात, हा प्रश्न मी तोवर स्वतःला विचारलाच नव्हता. तिकीट प्रयोगाचे असते. प्रयोग उभा राहीपर्यंतचा काळ, त्यातली फसलेली दृश्ये, टाकून दिलेले अंक, दुसऱ्या आठवड्यात बंद पडलेली आणि म्हणून कधीच रंगमंचावर न आलेली नाटके, यांचे तिकीट कोणी छापत नाही.

अर्थशास्त्रात हा प्रश्न विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या दोघांनी १९६६ साली फार नेटकेपणाने मांडला. रंगभूमी, वाद्यवृंद, नृत्यसंस्था यांचे जमाखर्च तपासून त्यांनी दाखवले की या संस्थांची तूट ही केवळ गैरव्यवस्थापनाची खूण नाही. ती त्या कामाच्या स्वभावातच आहे. कारखान्यात यंत्र आले की एका माणसाच्या एका तासात पूर्वीच्या दसपट माल निघतो आणि त्यामुळे त्याचा पगार वाढवणे परवडते. चार वादकांसाठी लिहिलेली अर्ध्या तासाची रचना वाजवायला मात्र दोनशे वर्षांपूर्वी चार माणसे आणि अर्धा तास लागत होता आणि आजही तेवढेच लागते. तीन माणसांत किंवा वीस मिनिटांत ती उरकता येत नाही. पण त्या वादकांना घरभाडे आजच्या दराने द्यावे लागते, म्हणजे त्यांचे मानधन इतरांच्या पगाराबरोबर थोडेफार तरी वाढलेच पाहिजे. उत्पादकता जागच्या जागी आणि खर्च दरवर्षी वर, असा हा पेच आहे. तिकीट महाग करत गेले तर प्रेक्षक गळतात. न केले तर संस्था गळते.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते की ध्वनिमुद्रण, चित्रपट आणि आता इंटरनेट यांनी हा पेच सोडवला आहे, कारण एकदा केलेले काम कोट्यवधींपर्यंत पोहोचते. पोहोचण्याचा खर्च उतरला, हे खरेच आहे. पण मुद्रण ज्याचे करायचे ते तयार होण्याचा काळ त्याने एका दिवसानेही कमी झालेला नाही. गायकाचा गळा तयार व्हायला वर्षे लागत होती, तेवढीच आजही लागतात.

या अदृश्य काळाचा भार समाजाने उचलावा, ही कल्पना अलीकडची किंवा डाव्या विचारांची आहे, असे मानणाऱ्यांनी प्राचीन अथेन्सकडे पाहावे. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात तेथील नाट्यमहोत्सव हे नगरराज्याचे काम मानले जाई. प्रत्येक नाटककाराला एक श्रीमंत नागरिक नेमून दिला जाई आणि नाटकात समूहाने गाणाऱ्या-नाचणाऱ्या वृंदाला शिकवणे, त्यांचा पोशाख, तालमींच्या महिन्यांतला त्यांचा निर्वाह हा सगळा खर्च त्या नागरिकाने सार्वजनिक कर्तव्य म्हणून करायचा असे. हा एक प्रकारचा करच होता. पुढे गरीब नागरिकांना प्रवेशाचे पैसे देता यावेत, म्हणून एक वेगळा निधीही निघाला. तालीम आणि प्रेक्षक, दोन्ही टोकांना सार्वजनिक पैसा होता. त्या व्यवस्थेत स्त्रिया आणि गुलाम कुठे होते हा निराळा विषय आहे आणि तिचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण हिशेबाची वही लिहिणाऱ्याला तिथे तालमीचा रकाना सापडतो, एवढे मला महत्त्वाचे वाटते.

आजच्या काळात हा रकाना सर्वांत ठळकपणे जर्मनीत दिसतो. तेथे राज्ये आणि शहरे मिळून सुमारे १४० सार्वजनिक नाट्यसंस्था चालवतात. त्यांच्या एकूण खर्चाचा पाचवा भागही तिकिटांतून निघत नाही, आणि तेथील नट व वादक मोठ्या संख्येने पगारदार असतात. तालीम हे त्यांच्या कामाच्या वेळापत्रकात बसलेले काम असते. फ्रान्सने निराळी वाट काढली. एका कामातून दुसऱ्या कामात जाणाऱ्या कलावंत आणि तंत्रज्ञांसाठी तेथे बेरोजगारी विम्याची खास व्यवस्था आहे. बारा महिन्यांत ५०७ तासांचे काम दाखवले की मधल्या रिकाम्या काळात भत्ता मिळतो. १९३६ मध्ये चित्रपट तंत्रज्ञांपासून सुरू झालेल्या या व्यवस्थेवर तेथे दर काही वर्षांनी कडाक्याची भांडणे होतात, संप होतात, महोत्सव बंद पडतात. खर्चिक आहे, हे खरे. परंतु दोन कामांमधला काळ हा रिकामटेकडेपणा नसून पुढच्या कामाची तयारी असते, हे कायद्यात लिहून ठेवणारी तेवढी स्पष्ट दुसरी व्यवस्था मला ठाऊक नाही.

कलेच्या बाजूने बोलणारे पुष्कळजण मात्र अजून वेगळ्याच युक्तिवादावर विसंबून असतात. कलेवर खर्च केलेल्या पैशाच्या कितीतरी पट पैसा अर्थव्यवस्थेत फिरतो, पर्यटक येतात, उपाहारगृहे भरतात, रोजगार वाढतो, असे ते सांगतात. हा मुद्दा मी स्वतः एका अनुदानाच्या अर्जात लिहिला आहे आणि लिहिताना मला थोडी लाजही वाटली होती. प्रेक्षकाने नाट्यगृहात खर्च केलेला पैसा एरवी त्याने दुसरीकडे खर्च केलाच असता, ही साधी शंका त्या गणितात बहुधा विचारात घेतलेली नसते. शिवाय पैसा फिरवणे हाच निकष असेल, तर उद्या वाहनतळाने अधिक पैसा फिरतो असे कोणी सिद्ध केले की आपण नाट्यगृह पाडायला मान्यता द्यायची का? शाळेचे समर्थन आपण शाळेसमोरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांच्या विक्रीवरून करत नाही.

आता विरोधी बाजूचे सर्वांत जड आक्षेप. पहिला असा की अनुदानित कला पाहायला जातो तो सुखवस्तू, शिकलेला वर्ग, आणि तिचा भार मात्र सर्वांच्या करांतून उचलला जातो. म्हणजे गरिबाच्या खिशातून श्रीमंताच्या संध्याकाळची सोय होते. हा आक्षेप मला खरा वाटतो आणि त्याला नाक मुरडून उत्तर देता येत नाही. भव्य सभागृहांवर आणि मोजक्या प्रतिष्ठित संस्थांवरच निधी रिता होत असेल, तर तो अन्याय आहेच. पण त्यातून निघणारा निष्कर्ष निधी बंद करा हा नसून निधी दुसरीकडे वळवा हा आहे. नॉर्वेत १९६५ पासून नव्या साहित्याच्या प्रती सार्वजनिक पैशाने विकत घेऊन ग्रंथालयांना वाटल्या जातात. लेखकाला आणि प्रकाशकाला खपाची किमान खात्री मिळते आणि पुस्तक दूरच्या वाचकापर्यंत फुकट पोहोचते. डेन्मार्कने १९४६ मध्ये ग्रंथालयांतल्या पुस्तकांबद्दल लेखकाला मोबदला देण्याची पद्धत सुरू केली आणि नंतर अनेक देशांनी ती उचलली. दोन्हीमध्ये वाचकाच्या खिशाला हात लागत नाही. उलट सार्वजनिक पैसा काढून घेतला, तर कला श्रीमंतांच्या हातून सुटत नाही. ती पूर्णपणे त्यांच्याच हाती जाते, कारण घरून पाठबळ असलेल्या मुलालाच मग बिनपगारी तालमीची चैन परवडते. आमच्या संस्थेतून कोण कधी गळले, हे मी पाहिले आहे. ती माणसे गुणांत कमी नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक भीतीदायक आहे. ज्याचे मीठ खावे त्याच्या मिठाला जागावे लागते. सरकारी पैसा घेतला की सरकारी सूरही लावावा लागतो. राजाश्रयाचा इतिहास या भीतीच्या बाजूने भरभरून साक्ष देतो. सोव्हिएत संघात १९३४ नंतर लेखकांची एकच अधिकृत संघटना होती, घरापासून छपाईपर्यंत सगळे तिच्या मर्जीवर होते आणि लिहायचे कसे हेही ठरलेले होते. लोकशाही देशही यातून सुटत नाहीत. अमेरिकेत महामंदीच्या काळात, १९३५ मध्ये, बेकार नाट्यकर्मींना काम देण्यासाठी केंद्र सरकारने एक नाट्यप्रकल्प काढला होता. त्यातून राजकीय प्रचार होतो असा संशय घेऊन अमेरिकी काँग्रेसने चार वर्षांत त्याचा पैसा तोडला. पुढे १९६५ मध्ये तेथे राष्ट्रीय कलानिधी स्थापन झाला. १९९० मध्ये तज्ज्ञांच्या समितीने शिफारस केलेल्या चार कलावंतांची अनुदाने त्या निधीच्या अध्यक्षांनी नाकारली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९८ मध्ये कलावंत हरले. दरम्यान १९९६ च्या अंदाजपत्रकात निधीला सुमारे चाळीस टक्के कात्री लागली आणि व्यक्तींना थेट द्यायची बहुतेक अनुदाने बंद झाली. सध्याच्या दशकात या निधीची वार्षिक तरतूद २० कोटी डॉलरच्या आसपास राहिली आहे, म्हणजे दरडोई एक डॉलरदेखील नाही. एवढ्याशा रकमेवरून इतका गदारोळ झाला, यावरून त्या भांडणाचा विषय पैसा नव्हता हे दिसते.

या भीतीवर ब्रिटनने एक तोडगा काढला होता. युद्धकाळातल्या एका लहान मंडळातून १९४६ मध्ये तेथे कला परिषद उभी राहिली. तिच्यामागे जॉन मेनार्ड केन्स हे अर्थशास्त्रज्ञ होते, आणि परिषदेला सनद मिळण्याच्या काही महिने आधीच त्यांचे निधन झाले. तत्त्व असे की सरकारने पैसा द्यावा आणि मग चार हात लांब राहावे; कोणाला किती द्यायचे ते स्वतंत्र परिषदेने ठरवावे. चार हातांचे दोन हात व्हायला वेळ लागत नाही आणि स्वतंत्र परिषदेतही ओळखीपाळखीचा वास शिरतो, हे मान्य केले तरी मंत्र्याच्या टेबलावरून थेट वाटल्या जाणाऱ्या पैशापेक्षा ही रीत कितीतरी बरी आहे. त्यातही देणारा एकच नसावा. केंद्र, राज्य आणि नगरपालिका यांचे निधी वेगळे असतील, तर एका दारी नकार मिळालेल्याला दुसरे दार उघडे राहते. लोकाश्रयाचे बळ असेच अनेक हातांत विखुरलेले असते आणि राजाश्रयालाही ते थोडेफार उसने घेता येते.

मला सर्वांत विचार करायला लावणारा प्रयोग आयर्लंडचा आहे. २०२२ मध्ये तेथील सरकारने २,००० कलावंत आणि कलाकर्मींना आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली. अर्जदार खरोखर या क्षेत्रात काम करतो का, एवढेच आधी तपासले आणि मग निवड चक्क सोडतीने केली. तुलनेसाठी निवड न झालेल्या १,००० जणांचा गटही अभ्यासात ठेवला. सोडतीने कला निवडायची, हे ऐकून प्रथम मला हसू आले होते. पण निवडसमितीची आवडनिवड, वशिला, प्रकल्पाचे गोंडस वर्णन लिहिण्याचे कसब, हे सगळे एका फटक्यात बाद होते आणि पैसा प्रयोगाला न मिळता वेळाला मिळतो. माझी वही ज्या ठिकाणी कोरी राहत होती, तेथेच तो जमा होतो. हीच एक पद्धत सगळीकडे असावी असे मी म्हणणार नाही, कारण वाद्यवृंद किंवा संग्रहालय सोडतीवर चालत नाही.

पद्धत कोणतीही असो, पैसा कधी मिळतो याला तो किती मिळतो याइतकेच महत्त्व आहे, हे खजिनदार असल्याशिवाय कळत नाही. आम्हाला एकदा एक अनुदान मंजूर झाले. अट अशी की आधी प्रयोग करायचे, पावत्या जोडायच्या, उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे आणि मग रक्कम मिळणार. ती मिळाली तोपर्यंत अकरा महिने उलटले होते आणि आमच्यापैकी दोघांनी पदरमोड करून, एकाने कर्ज काढून नाटक उभे केले होते. ज्यांच्याकडे आधीच पैसा आहे त्यांनाच परवडेल असे ते अनुदान होते.

पुढच्या वेळी अर्ज भरताना खर्चाच्या अंदाजात मी तालमींचे मानधन असा एक नवा रकाना घातला, आणि दर मुद्दाम अगदी किरकोळ लावला. अर्ज परत आला तेव्हा बाकीच्या रकान्यांपुढे बरोबरच्या खुणा होत्या आणि त्या एका ओळीसमोर लाल शाईत ‘अग्राह्य’ असा शेरा होता. तो कागद मी जपून ठेवला आहे. मी खजिनदारपद सोडले तेव्हा वह्यांबरोबर त्याची एक प्रत नव्या खजिनदाराला दिली आणि तो रकाना दर वर्षी भरत जा, असे सांगितले.