९८ दिवस बोट बंद, हप्ता चालू

मालवण, तारकर्ली, देवबाग भागात पर्यटकांच्या बोटी पावसाळ्यात साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. मोजले तर ९८ दिवस. आणि बँकेच्या हिशेबात हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे वसुली धोक्यात आलेलं थकीत कर्ज. बोटीच्या कर्जाची खरी गोम या आठ दिवसांत आहे.

५ जूनचा हप्ता चुकला असं धरा. त्याच रात्री खातं एसएमए-० मध्ये, म्हणजे एनपीएआधीच्या तीन इशाऱ्यांपैकी पहिल्यात जातं, ५ जुलैला एसएमए-१, ४ ऑगस्टला एसएमए-२ आणि ३ सप्टेंबरला एनपीए. १ सप्टेंबरला बोट पाण्यात घालायची मुभा मिळते आणि तिसऱ्या दिवशी खातं बुडीताच्या रांगेत. एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून ते परत नियमित होत नाही. मुद्दल आणि व्याज धरून सगळी थकबाकी भरावी लागते. शिवाय एनपीए ठरतो तो कर्जदार, नुसतं एक खातं नव्हे. त्याच बँकेत घराच्या खोल्यांसाठी घेतलेलं दुसरं कर्ज वेळेवर भरत असलात तरी तेही सोबत जातं.

म्हणून मी हिशेब बारा महिन्यांचा धरतो. कर्ज ६ लाख, व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षं. हप्ता १३,०४५ रुपये. पावसाळ्याचे हप्ते चार, असं सगळे म्हणतात. माझ्या मते पाच धरावेत. सप्टेंबरात परवानगी असली तरी समुद्र शांत नसतो, आणि गिऱ्हाईक खऱ्या अर्थाने येतं ते दिवाळीच्या सुट्टीत. त्यात जूनमध्ये शाळेचा खर्च आणि पुढे चतुर्थी. कोकणात चतुर्थीचा खर्च टाळता येत नाही, तो टाळायचा सल्ला देणाऱ्याला कोकण माहीत नाही. तेव्हा सगळ्यात कोरडा महिना जून नव्हे, सप्टेंबर. मेची कमाई जूनमध्ये हातात असते, त्यामुळे जूनमध्ये कुणी घाबरत नाही, आणि तिथेच फसगत होते.

पाच हप्ते म्हणजे ६५,२२५ रुपये. ते चालू हप्ते भरून वर बाजूला काढायचे. सात महिन्यांत सारखे वाटले तर महिन्याला ९,३१८ येतात, पण तसं जमत नाही. फेब्रुवारी-मार्चात परीक्षा असतात, गर्दी ओसरते, तेव्हा चालू हप्ता निघाला तरी पुष्कळ. मी असे काढतो: दिवाळीच्या महिन्यात १०,०००, डिसेंबरात २०,०००, जानेवारीत ५,०००, एप्रिलमध्ये १०,००० आणि मे महिन्यात उरलेले २०,२२५. मेचे पैसे रोजच्या रोज, डिझेल-पेट्रोल आणि खलाशाची मजुरी वजा झाल्यावर लगेच. महिनाअखेरीला काढू म्हटलं की बोट वर ओढण्याचा खर्च, इंजिनची सर्व्हिस आणि विम्याचा हप्ता हे तिघे आधी हात घालतात.

हे पैसे ठेवायचे कुठे, यात मोठी चूक होते. मेमध्ये ५० हजार हातात आले की कर्जखात्यात जादा भरून टाकावेसे वाटतात, व्याज वाचेल म्हणून. व्याज वाचतंही. पण असा भरणा मुद्दलातून वजा होतो, त्याने मुदत किंवा हप्ता कमी होतो. ५ जूनचा हप्ता मात्र ५ जूनला येतोच. मग कर्ज कमी झालेलं आणि खातं थकलेलं, अशी विचित्र अवस्था. पाच हप्त्यांची सोय झाल्यावर वर जे उरेल तेच मुद्दलात घालावं. राखीव रक्कम वेगळ्या बचत खात्यात किंवा मोडता येईल अशा छोट्या मुदतठेवींत ठेवावी, प्रत्येक ठेव एका हप्त्याएवढी. शक्यतो ज्या बँकेत दुसरं काही थकलेलं आहे तिथे नको; ती बँक ठेव अडवून धरू शकते.

हप्ता आपोआप कापला जात असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत खात्यात पैसे हवेत. परत गेला तर कर्ज देणारा दंड लावतो आणि आपली बँकही लावते. शिवाय पुरेशी शिल्लक नसल्यामुळे असा हप्ता परत जाणं हा चेक बाउन्ससारखाच गुन्हा ठरू शकतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

दुसरा मार्ग म्हणजे हप्ताच हंगामाला जुळवून घेणं. पावसाळ्याचे पाच महिने फक्त व्याज, म्हणजे सुरुवातीच्या वर्षात महिन्याला जास्तीत जास्त ५,५०० रुपये, आणि उरलेले सात महिने अंदाजे २०,१००. ही मागणी कर्ज मंजूर होतानाच करावी. तेव्हा ती साधी परतफेडीची रचना असते. पुढे अडचणीत आल्यावर तेच मागितलं तर बँक त्याला पुनर्रचना, म्हणजे अडचणीतल्या कर्जदाराला दिलेली सवलत, म्हणू शकते. तसं झालं तर खात्याचा दर्जा खाली येतो आणि क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदवहीत, तो शेरा दिसतो. कर्ज आधीच चालू असेल तर एप्रिलमध्ये, एकही हप्ता थकलेला नसताना जावं. सोबत वर्षभराचं खात्याचं स्टेटमेंट, बोटीची नोंदणी, पावसाळी बंदीचा आदेश आणि महिनावार जमाखर्चाचा एक कागद. अर्ज लेखी द्यावा आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. तोंडी "बघू या" हे उत्तर नव्हे. 'याची नोंद पुनर्रचना म्हणून होणार का' हे सही करण्याआधी लेखी विचारावं. नवं वेळापत्रक मिळाल्यावर ऑटो-डेबिटची कमाल रक्कम तपासावी: जुनी मर्यादा १५,००० असेल आणि नवा हप्ता २०,१००, तर खात्यात पैसे असूनही हप्ता परत जाईल.

तरीही हात आखडला तर? थोडेथोडे भरण्यापेक्षा सगळ्यात जुना हप्ता पूर्ण भरावा. जुलैत जूनचा हप्ता पूर्ण भरला तर मोजणी ५ जुलैपासून होते आणि एनपीएची तारीख ३ सप्टेंबरवरून ३ ऑक्टोबरवर जाते. प्रत्येक हप्त्याचे अर्धे अर्धे पैसे भरले तर जुना हप्ता थकलेलाच राहतो, दिवस सरकत नाहीत.

तात्पुरत्या नडीला सोनं ठेवणं सावकारापेक्षा कितीतरी बरं. ५० हजार पाच महिन्यांसाठी, वर्षाला १० टक्के दराने, व्याज २,०८३ रुपये. तेच शेकडा पाच रुपये दरमहाने घेतले तर १२,५००. फक्त सोडवायचा महिना आधी ठरवावा, माझा डिसेंबर.

बँक किंवा फायनान्स कंपनी थकलेल्या हप्त्यावर दंड आकारू शकते, पण १ एप्रिल २०२४ पासून त्या दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही. पतसंस्थेचं कर्ज असेल तर मात्र हा रस्ता नाही, ती सहकार खात्याच्या अखत्यारीत. तिथे सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो आणि तो जामीनदारावरही चालतो. जामीनदार बहुतेक शेजारचाच बोटवाला असतो आणि त्याचाही सप्टेंबर कोरडाच असतो. त्यामुळे पतसंस्था आणि बँक दोन्ही थकायची वेळ आली तर मी आधी पतसंस्थेचा हप्ता भरतो.

ऑक्टोबरात कर्जखात्याचा उतारा काढून दंडाच्या नोंदी तारखेनिशी ताडून बघायच्या, आणि वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्टही तेव्हाच मागवायचा. चूक दिसली तर दिवाळीच्या गर्दीआधी अर्ज देऊन मोकळं व्हायचं, नंतर किनाऱ्यावरून हलायला सवड मिळत नाही.