गेट तेवढंच उघडं, मग पाणी कमी का?

वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतर कालव्याच्या पाण्यावर घेतलेलं भात पोटरीला आलेलं असतं. कालव्याच्या गेटची उघडीप ३० सेंटिमीटरवर जशीच्या तशी, वरच्या अंगाची पातळीही हललेली नाही, तरी शेपटाकडचे शेतकरी सांगतात की पाणी पोचत नाही. संशय आधी वाटेतल्या पंपांवर जातो. त्याआधी गेटच्या खालच्या अंगाला दोन मिनिटं उभं राहून पाणी बघावं.

गेटखालून निसटणारं पाणी काचेच्या पट्टीसारखं सपाट धावत असेल आणि थोडं पुढे जाऊन फेसाळत वर चढत असेल, तर ती मोकळी उसळी, म्हणजे साधा हायड्रॉलिक जंप. काच दिसतच नसेल, पाणी गेटच्या पत्र्याला टेकून नुसतं घुसळत असेल आणि वर तरंगणारी पानं, माडाच्या झावळीचे तुकडे उलटे गेटकडे सरकत असतील, तर उसळी बुडालेली आहे. दिसायला ती शांत असते, म्हणूनच फसवते.

मोकळ्या उसळीत गेटखालचं पाणी इतक्या वेगात असतं की खालच्या बाजूला काय चाललंय त्याची वर्दी गेटपर्यंत पोचत नाही. विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहून जाणारं पाणी, ठरतो तो वरच्या पातळीवर आणि उघडिपीवर. उसळी बुडाली की खालचं पाणी थेट गेटच्या तोंडावर बसतं आणि हिशेबात तिसरा भागीदार येतो.

आकडे मांडून पाहू. वर २ मीटर पाणी, उघडीप ३० सेंटिमीटर. गेटखालून निघताना धार आकसते, ०.६१ पट धरली तर तिची जाडी सुमारे १८ सेंटिमीटर. मोकळ्या स्थितीत वेग सेकंदाला ६ मीटर, फ्राउड अंक (धारेचा वेग पाण्यावरच्या लाटेच्या वेगाच्या किती पट ते) साधारण ४.५ आणि विसर्ग रुंदीच्या दर मीटरला १.१० घनमीटर प्रति सेकंद. या धारेची जोडखोली, म्हणजे मोकळ्या उसळीनंतर पाणी जितकं खोल होतं ती खोली, १.०७ मीटर. खालची पातळी तेवढी होईपर्यंत गेटला फरक पडत नाही. आता ती १.४० मीटर झाली असं धरा. ऊर्जा आणि संवेग या दोन्हींचा ताळा एकत्र सोडवला की विसर्ग उरतो ०.७३. उघडिपीला हात न लावता एक तृतीयांश पाणी गेलं, आणि चोर कोणीच नाही.

पातळी वाढते कशाने? कालव्यात माजलेलं गवत, तळाचा गाळ, आणि आपल्या विमोचकाला (शेताकडे पाणी सोडणाऱ्या तोंडाला) जरा जास्त पाणी मिळावं म्हणून कुणीतरी पात्रात रचलेली वाळूची पोती. यावर गेट आणखी उचलणं हा नेहमीचा उपाय. वरच्या उदाहरणात मूळ विसर्ग परत मिळवायला उघडीप ४२ सेंटिमीटर करावी लागेल. पण वाढलेलं पाणी त्याच गवताला अडून खालची पातळी पुन्हा चढवणार, म्हणजे ४२ ही पुरायची नाही. आधी पात्र साफ करावं, मग गेटला हात लावावा.

मोजणीत एक चूक फार होते. याच उदाहरणात खालच्या बाजूला दूरवर पाणी १.४० मीटर असलं तरी गेटच्या अगदी पाठीशी ते १.२० मीटरच असतं. धारेचा जोर पाण्याला पुढे रेटतो, त्याने पाठीमागे अशी वीस सेंटिमीटरची खळगी पडते. विसर्गाच्या सूत्रात पातळ्यांचा फरक म्हणून वरची पातळी वजा १.२० घातलं तर विसर्ग जवळपास बरोबर येतो, वजा १.४० घातलं तर सुमारे १४ टक्के कमी. दोन्ही पद्धतींचे गुणांक वेगळे असतात, ते एकमेकांत मिसळू नयेत. गेटच्या पाठीशी पाणी सतत हेलकावे खातं, तिथे उघडी गेज पट्टी वाचणं म्हणजे अंदाजपंचे. बाजूच्या भिंतीत बारीक नळी काढून गेज विहीर, म्हणजे पातळी मोजायला पाणी संथ राहील असा खड्डा, करावी.

बुडवणुकीचं प्रमाण, म्हणजे खालची पातळी जोडखोलीपेक्षा किती टक्के जास्त, ते काढतानाही जोडखोली नव्या, घटलेल्या विसर्गाची घ्यायची. जुनी १.०७ घेतली तर बुडवणूक ३१ टक्के वाटते. खरी जोडखोली आता ०.६८ मीटर, म्हणजे बुडवणूक शंभर टक्क्यांच्याही वर.

गोविंद राव आणि राजरत्नम यांनी १९६३ साली दिलेल्या सूत्राने बुडालेल्या उसळीची लांबी जोडखोलीच्या (६.१ + ४.९ × बुडवणूक) पट येते. इथे ती सुमारे ७.७ मीटर भरते, मोकळ्या उसळीची होती साडेसहा. पाणी कमी झालं तरी लांबी वाढली! कारण धार वर न उसळता तळाला चिकटून धावते, वरचा भोवरा तिच्यावर पांघरुणासारखा पडून राहतो आणि तिचा वेग सावकाश मरतो. साडेसहा मीटरचं ॲप्रन (गेटपुढचा पक्का तळ) असेल तर त्याच्या टोकाला खड्डा पडायला लागतो, आणि वरून तो दिसत नाही. कालवा बंद असताना बांबूने चाचपून बघावा.

खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतल्या मानशीत (भरती-ओहोटीने झुलणाऱ्या दारात) हा सगळा खेळ एका ओहोटीत उरकतो. बाहेरचं पाणी खाली गेलेलं असताना धार मोकळी सुटते, भरती फिरली की उसळी मागे सरकत दाराशी येते, बुडते, विसर्ग घटत जातो आणि शेवटी दार आपोआप मिटतं. मानशीचं झुलतं दार म्हणजे उचलतं गेट नव्हे, त्यामुळे वरचे गुणांक तिथे लावू नयेत. पण खाजन किती वेळात रिकामं होईल हे काढताना पूर्ण ओहोटीभर मोकळा विसर्ग धरला, तर उत्तर हमखास चुकतं.

ओढ्यावरच्या बंधाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथे प्रश्न जिवाचा आहे. पाणी अडवायच्या फळ्या काढल्या तरी कमरेएवढा उंबरठा उरतो. ऐन पुरात तो पाण्याखाली नाहीसा होतो, पाणी अगदी कमी असताना उसळी मोकळी असते. मधल्या पातळीला ती बुडते आणि पृष्ठभागावरचं पाणी उलटं बंधाऱ्याकडे ओढतं. बाहेर पोहू पाहणारा माणूस पुन्हा पायथ्याशी येतो. वाचवायला मागून उडी घेणाऱ्याचंही तेच होतं, म्हणून काठावरूनच दोर टाकावा. पायथ्याशी एखादा नारळ गोल गोल फिरतोय आणि पुढे वाहून जात नाही असं दिसलं, तर त्या दिवशी तिथे पाण्यात पाय घालू नये.