डोक्यातला सरासरी चेहरा

सोमवार

या आठवड्याच्या अर्कचित्रासाठी, म्हणजे कॅरिकेचरसाठी, आमच्या चित्रं काढणाऱ्यांच्या गटानं पंडित भीमसेन जोशी निवडले. सकाळभर फोटो समोर ठेवून चेहराच काढत होते. कपाळ, जबडा, केस सगळं जागच्या जागी आलं, पण पंडितजी काही येईनात. दुपारी त्यांच्या मैफलीचं एक जुनं चित्रण लावलं आणि आवाज बंद केला. गाणं ऐकू येईनासं झालं की ते अंगात कुठे कुठे फिरतंय ते दिसतं. तान वर चढताना हात हवेतलं काहीतरी मुठीत धरून पिळतो, मान एका बाजूला कलते, डोळे गच्च मिटतात. समेवर आले की सगळं शरीर एकदम सैल.

मग चेहरा अगदी लहान केला. डोळ्यांच्या जागी दोन मिटलेल्या रेघा, उघडं तोंड, बस्स. हात मात्र कागदाच्या कडेपर्यंत ताणला. आई चहा ठेवायला आली आणि कप हातातच ठेवून म्हणाली, "सवाईला पाहिले होते मी त्यांना. अस्सेच!"

मंगळवार

ऑक्टोबर आहे, त्यामुळे सध्या रोज शाई. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकारानं 2009 मध्ये स्वतःचा शाईचा हात सुधारावा म्हणून इंकटोबर सुरू केलं आणि आता जगभरचे लोक महिनाभर रोज एक चित्र काढतात. मला त्याचा फायदा झालाय. टॅब्लेटवर रेघ चुकली की दोन बोटांनी पुसता येते. टाकानं काढलेली रेघ राहते, आणि ती राहणार हे हाताला आधीच माहीत असतं. म्हणून तो निघण्याआधी ठरवतो.

तरीही शैलीचा विचार करते तेव्हा माझा जास्त विश्वास अर्कचित्रावर आहे. रोज नवा विषय मिळाला की आज कासव, उद्या किल्ला, परवा पाऊस, आणि प्रत्येकाला वेगळी युक्ती वापरून वेळ निभावता येते. अर्कचित्राचा मात्र निकाल लागतो. समोरच्यानं ओळखलं किंवा नाही ओळखलं. मधलं काही नाही. त्या निकालापायीच हात काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते शिकतो.

बुधवार, उशिरा

सुझन ब्रेनन यांच्या कामाबद्दल पुन्हा वाचलं. 1980च्या दशकात, अमेरिकेतल्या एमआयटीत असताना त्यांनी अर्कचित्रं काढणारा संगणक प्रोग्राम तयार केला होता. कल्पना साधी होती. चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू घ्यायचे, ते एका सरासरी चेहऱ्याच्या बिंदूंशी ताडून पाहायचे आणि जिथे जिथे फरक आहे तिथे तो वाढवायचा. नाक सरासरीपेक्षा थोडं लांब असेल तर आणखी लांब, डोळे थोडे जवळ असतील तर आणखी जवळ. पुढे 1987 मध्ये जिलियन ऱ्होड्स आणि ब्रेनन यांच्या अभ्यासात असं दिसलं की ओळखीच्या माणसाचं असं अर्कचित्र लोक त्याच्या हुबेहूब रेखाचित्रापेक्षाही लवकर ओळखतात.

हे वाचून झोप उडाली. कारण संगणकाला सरासरी चेहरा आधी पुरवावा लागतो. माझ्या हाताला तो कुणी पुरवला? मी काढायला शिकले ती बरीचशी परदेशी शिकवण्या आणि जपानी कॉमिक्स बघून. म्हणजे मी ज्याच्याशी ताडून बघते तो चेहरा भलत्याच गावचा. त्या चेहऱ्याला जे नाक मोठं वाटतं ते आमच्या वाड्यात प्रत्येकाला आहे. त्यात वैशिष्ट्य काय? आणि जे खरं वैशिष्ट्य, म्हणजे कानाची ठेवण, गालफडाचा उतार, पान चघळताना खालच्या ओठाला पडणारा बाक, ते माझ्या हातातून निसटून जातं, कारण त्याला ताडून बघायला माझ्याकडे काही साठाच नाही.

शैली शैली म्हणतात ती मला आता या सरासरीत दिसते. प्रत्येक चित्रकाराच्या डोक्यात एक न काढलेला चेहरा असतो आणि काढलेले सगळे चेहरे त्याच्यापासून मोजलेले असतात.

शुक्रवार

मंडई. सकाळी लवकर गेले, गर्दी व्हायच्या आत. अर्कचित्रं नाहीत, नुसते चेहरे. साधे, न वाढवलेले, एकामागून एक. लसूण निवडणारे, पाटी उतरवणारे, पैसे मोजताना ओठ हलवणारे. वही भरवायची एवढंच. तिथली मंडळी प्रेमळ. कुणी विचारलं नाही की कशाला काढतेस. एकानं फक्त "आमचं फुकट काढता का?" असं विचारून मिशीवरून हात फिरवला आणि ताठ बसला.

शेवटी एका पालेभाजीवाल्या मावशींना विचारून त्यांचं एक अर्कचित्र काढलं. हनुवटी पुढे आणली, गालांचे दोन उंचवटे डोळ्यांना भिडवले, कुंकू मोठं. त्यांनी वही लांब धरून बराच वेळ पाहिली.

"ही मी नाय गं. ही माझी आई हाय."

मग शेजारच्या गाळ्यावरच्या बाईला हाक मारली, "ए, बघ, आमची आई काढली हिनं. हिला ठावं बी नाय." आणि मला कोथिंबिरीची जुडी दिली, पैसे घेतले नाहीत.

मी त्यांच्या आईला कधी पाहिलेलं नाही. हनुवटी वाढवली ती फक्त त्यांच्या शेजारी बसलेल्या चेहऱ्यांपेक्षा ती वेगळी दिसली म्हणून. त्या वेगळेपणात एक अख्खं घराणं होतं. आजवर मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद आहे माझ्यासाठी.

शनिवार

चित्रकथेचं पान. सहा चौकटी, एकच पात्र, मंडईतून घरी निघालेली बाई. अर्कचित्रात माणूस एकदाच पकडायचा असतो. इथे तीच बाई पाठमोरी, वाकलेली, गर्दीत अंगठ्याएवढी आणि मग एकदम जवळून दिसायला हवी, आणि दर वेळी तीच वाटायला हवी. 'टिंकल'मधला राम वाईरकरांचा सुपंडी आठवतो. त्याच्या डोक्याची आकृती नुसती काळी भरली तरी पोरं नाव सांगतील. मी माझ्या बाईच्या सहाही आकृत्या शाईनं भरून पाहिल्या. चौथ्या चौकटीत ती दुसरीच कुणी झाली होती. तिथे पिशवी डाव्या खांद्यावर गेली होती आणि पाठीचा तो एका बाजूला झुकलेला बाक नाहीसा झाला होता. चौकट पुन्हा काढली.

संवादांचे फुगे मी कमी करत चाललेय. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांनी अख्खा संवाद एकाही शब्दाशिवाय केलाय. 'मोहिनी' मासिकाच्या मुखपृष्ठावरचं ते चित्र, तरुणीच्या साडीवर उंदीर आणि तरुणाच्या शर्टावर मांजरं, ते पाहिलं की वाटतं, कपड्याची नक्षीसुद्धा पात्र होऊ शकते. माझ्या बाईच्या पिशवीवर मी आज छपाईतली फुलं काढली. प्रत्येक चौकटीत ती थोडी थोडी दबत जातात. ओझं किती आहे ते शब्दांत सांगावं लागलं नाही.

रविवार

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या रोजनिशीची पानं चाळत बसले. 1951 सालची. गोव्यावर अजून पोर्तुगीजांचं राज्य होतं. आणि पंचविशीतला मारिओ दिवसभरात जे झालं ते रात्री चित्रात लिहून ठेवायचा. लोटली या त्याच्या गावातली माणसं, लग्नं, पाद्री, मित्र, मुली, कुत्री. कलाशाळेत तो शिकला नव्हता. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजात इतिहास घेतलेला. रोजनिशीत तो कुणाला दाखवण्यासाठी काढत नव्हता. जे चेहरे रोज भेटतात तेच रोज काढत होता. नंतरचा तो दाट, नक्षीदार, शेकडो माणसांनी भरलेला मारिओ मला आवडतोच, पण त्याची सगळी गर्दी मला या वह्यांमधून चालत आलेली वाटते. त्याचा सरासरी चेहरा गावानं दिला होता.

व्यंगचित्रकार वसंत सरवटे तर पेशानं स्थापत्य अभियंते. दिवसभर नोकरी, आणि तरी पु. लं.च्या 'वल्लीं'ना आपण आज त्यांच्या रेषेतच ओळखतो. एवढ्या कमी रेघांत कोकण, पुणे, मुंबई वेगळी करायची तर चेहऱ्यांचा केवढा साठा असेल त्यांच्याजवळ!

म्हणून पुढच्या महिन्याचं ठरलं. गटाचं अर्कचित्र आठवड्याला एक चालू राहील, पुढचा विषय निळू फुले आहेत आणि त्या जड पापण्यांसाठी मी आत्तापासून उत्सुक आहे. पण त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन सकाळी नुसते चेहरे काढायचे. मंडई, मग स्वारगेटचं एसटी स्टँड, मग मार्केट यार्ड. दिवाळीला सांगलीला जाईन तेव्हा तिथलेही. पानाच्या कोपऱ्यात जागा आणि तारीख लिहायची, म्हणजे पुढे कधी हनुवट्या गावागणिक लावून बघता येतील. संध्याकाळी अप्पा बळवंत चौकातून जाड कागदाची वही आणली. आधीची पातळ होती, शाई मागच्या पानावर उमटत होती.