ज्येष्ठ निवासातला चित्रकलेचा वर्ग: आधी दिवे, मग रंग

ज्येष्ठांच्या निवासी संकुलात चित्रकलेचा गट सुरू करायचं ठरलं की सगळे आधी रंगांची यादी करतात. ती यादी बाजूला ठेवा आणि दिवे बघा. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो. बाहुली लहान झालेली असते आणि भिंग पिवळसर. पुढे हे प्रमाण आणखी घटतं. ‘आता मला जमत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांचा हात शाबूत असतो, नीट दिसत नसतं एवढंच.

छतावरच्या ट्यूबलाइटवर भागत नाही. प्रत्येक जागेला मान वळवता येणारा टेबललॅम्प हवा. एलईडी ४००० ते ५००० केल्विनचा आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी अंक) ९० किंवा जास्त असलेला घ्या. सीआरआय कमी असला की लाल रंग मळकट दिसतात आणि माणूस उगाच आणखी लाल ओतत बसतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा दिवा डावीकडे, डावखुऱ्याचा उजवीकडे. टेबल चकचकीत असेल तर त्यावर राखाडी मॅट पुठ्ठा टाका. तिरीप डोळ्यांवर येत नाही आणि पांढऱ्या कागदाची कडही ठळक दिसते.

पिवळ्या भिंगातून निळे रंग काळपट दिसतात. गडद निळा, जांभळा आणि काळा यांची गल्लत नेहमीची, म्हणून ट्यूबवर जाड मार्करने नाव लिहून ठेवा. मोतीबिंदूच्या काळात फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेची चित्रं तांबूस-तपकिरी होत गेली होती. १९२३ साली एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर त्याला निळा रंग वेगळाच दिसू लागला. हे आजही घडतं. शस्त्रक्रिया होऊन आलेली व्यक्ती आपलंच जुनं चित्र ‘सुधारायला’ घेते. दोन्ही डोळ्यांचं काम होऊन नजर स्थिरावेपर्यंत जुन्या चित्रांना हात लावू नये आणि तोवर नवा कागद घ्यावा, एवढं सुचवून ठेवा.

आता हात. संधिवात असेल तर बारीक दांडीचा ब्रश चिमटीत धरणं हीच शिक्षा. पाइपावर चढवायची फोमची नळी मिळते. तिचा १० ते १२ सेंटिमीटरचा तुकडा कापा, दांडीला कापडी चिकटपट्टीचे वेढे देऊन ती जाड करा आणि फोम घट्ट बसवा. पकड २५ ते ३० मिलिमीटर जाडीची झाली की बहुतेकांना पुरते. फोम ब्रशच्या धातूच्या टोपीपासून निदान ३ सेंटिमीटर वर ठेवा, नाहीतर तो पाणी पितो आणि थेंब चित्रावर पडतात.

हात थरथरतो म्हणून लहान कागद देणं ही फार रुजलेली चूक आहे. लहान कागदावर प्रत्येक थरथर मोठी दिसते. ए-३ किंवा त्याहून मोठा कागद, १२ नंबरचा गोल ब्रश, एक इंची चपटा ब्रश आणि कोपरापर्यंतचा हात टेकेल असं टेबल द्या. रेघ खांद्यातून यायला हवी. पार्किन्सनमध्ये अक्षर जसं लहान होत जातं तसंच चित्रही आक्रसतं. कागदावर आधीच पेन्सिलीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन फिकट रेघा मारून ठेवल्या तर हात मोकळा फिरतो. वर्गाची वेळही औषधावर ठरते. गोळीचा असर उतरत आला की बोटं ताठरतात, तेव्हा कोणाला कधी बरं वाटतं हे विचारूनच वेळापत्रक लावा. सलग ६० ते ७५ मिनिटं पुरेत.

जलरंगासाठी कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड). पातळ कागद फुगतो, खळग्यांत रंगाची डबकी साचतात आणि दोष चित्रकाराच्या माथी येतो. एक अडचण मात्र कागदाची नाहीच: चांगला कागद जपून ठेवण्याची जन्मभराची सवय. ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा पूर्ण ताव समोर ठेवला तर त्याला कोणी हात लावत नाही. त्याचे २८ बाय ३८ चे चार तुकडे (हात थरथरणाऱ्यांसाठी ३८ बाय ५६ चे दोन) करून ठेवले की ढीग भराभर संपतो.

पाण्याचं भांडं जड, पसरट बुडाचं आणि चहाच्या कपाहून अगदी वेगळं दिसणारं हवं, कारण रंगाचं पाणी पिऊन टाकल्याचे प्रकार होतात. चहा दुसऱ्या टेबलावर. टर्पेंटाइन आणि स्प्रे खोलीत आणूच नका. दम्याचा त्रास असणाऱ्यांना कोरडे पेस्टल देऊ नका, तेलकट पेस्टल चालतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ठशासाठी धारदार हत्याराने लिनोलियमचा तुकडा (लिनो) कोरण्याऐवजी मऊ फोमच्या शीटवर बोथट पेन्सिलीने ठसा करा.

विसरभोळेपणा वाढलेल्यांसमोर बारा रंग मांडले तर हात थांबतो. दोन रंग आणि एक ब्रश पुरे. ‘हे काय काढलंय?’ असं विचारू नका, ती परीक्षा वाटते. ‘ही निळी कड छान ओली ठेवलीत,’ असं बोला. लहान मुलांची रंगवायची पुस्तकं तर कृपा करून नकोतच.

ब्रश अजिबात धरवत नसेल तर माध्यम बदला. १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फ्रेंच चित्रकार आंरी मातीस बराचसा अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत असायचा. तेव्हा मदतनिसांनी रंगवलेले कागद तो कात्रीने कापायचा. आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री मिळते, ती दोन-तीन आणून ठेवा. अमेरिकन चित्रकार ग्रँडमा मोझेसचं उलट झालं: संधिवाताने सुई धरवेना, म्हणून भरतकाम सोडून तिने सत्तरीत ब्रश घेतला.

प्रदर्शनाचा विचार करताना चाकाच्या खुर्चीतल्या प्रेक्षकाची नजर धरा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १३० सेंटिमीटरवर ठेवा. काच नको, तिच्यात खिडकीच दिसते. लेबल २४ पॉइंटचं, पांढऱ्यावर काळं, चित्राच्या बाजूला. त्यावर वय छापू नका, नाहीतर लोक चित्र बघायचं सोडून आकडा बघतात. विकायचं की नाही हे चित्रकाराला आधीच विचारा, परस्पर मुलांना नाही. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव, तारीख, माध्यम आणि चित्र कोणाला द्यायचं तेही त्यांच्याच हाताने लिहून घ्या. बॉलपेन वापरलंत तर खाच पुढे उमटते.