कॅलेंडर दिसतंय, पण ते ताजं आहे का?

भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी दोन डायरेक्टरांची कॅलेंडरं सांभाळते. सगळा कारभार आउटलुकवर. माझं ठाम मत आहे की समोर दिसणारं कॅलेंडर कुठून येतंय हे माहीत असल्याशिवाय त्यावर विसंबून कुणालाही वेळ देऊ नये.

शेअर केलेलं कॅलेंडर दोन वाटांनी आपल्याकडे येतं आणि दिसायला दोन्ही सारखीच. एक वाट परवानगीची: साहेब त्यांच्या कॅलेंडरवर आपल्याला हक्क देतात आणि आपण सर्व्हरवरचं तेच कॅलेंडर उघडतो. दुसरी वाट लिंकची, आयसीएसची (कॅलेंडरची नक्कल देणाऱ्या फाईलचा प्रकार). यात घेणारं सॉफ्टवेअर आपल्या सवडीनं नवी प्रत ओढून आणतं, मधे कित्येक तास जातात. आणि आयसीएस फाईल नुसती इम्पोर्ट केली असेल, तर त्या दिवशी जे होतं तेच कायम राहतं.

आमच्या चाकणच्या युनिटचा मेल गूगलवर आहे. त्यांनी मोठ्या साहेबांचं कॅलेंडर लिंकनं घेतलं होतं. एकदा ११ ची मीटिंग सकाळीच ४ वर गेली. माझ्याकडे ४ दिसत होतं, त्यांच्याकडे ११. क्वालिटीची दोन माणसं पुणे-नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकमधून वेळेवर पोचली आणि रिसेप्शनला बसून राहिली. मला फार वाईट वाटलं, त्यांचा अख्खा दिवस गेला. तेव्हापासून चाकणला प्रत्येक मीटिंगचं इन्व्हाइटच जातं. वेळ बदलली की सुधारित इन्व्हाइट मेलनं लगेच पोचतं, लिंकची वाट बघावी लागत नाही.

परवानगीच्या वाटेवरही गाडी अडते. डेस्कटॉपचं आउटलुक कॅलेंडरची एक प्रत कॉम्प्युटरवर, ओएसटी फाईलमध्ये, ठेवतं आणि ती प्रत मागे पडू शकते. म्हणून शंका आली की मी आधी ब्राउझरमध्ये वेबवालं आउटलुक उघडते. तिथे बदल दिसला आणि डेस्कटॉपवर नाही, तर गडबड माझ्या मशीनवर. तिथेही नसेल, तर बदल मुळात सेव्ह झाला नाही किंवा माझी परवानगी कमी पडतेय. आयटीला फोन करताना एवढं सांगितलं तरी त्यांचा अर्धा वेळ वाचतो. क्लासिक म्हणजे डेस्कटॉपच्या जुन्या आउटलुकमध्ये अकाउंट सेटिंग्ज, मोअर सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड इथे ‘टर्न ऑन शेअर्ड कॅलेंडर इम्प्रूव्हमेंट्स’ असा पर्याय असतो. तिथे टिक आहे ना, हे जरूर बघा. त्यानं साहेबांनी फोनवरून केलेला बदल पटकन येतो. टिक केल्यावर आउटलुक बंद करून पुन्हा उघडायचं.

डेलिगेट, म्हणजे साहेबांच्या वतीनं कॅलेंडर हाताळणारी माणसं, कमीत कमी असावेत, शक्यतो एकच. साहेब फोनवर अ‍ॅक्सेप्ट करतात, मी इकडे तेच इन्व्हाइट हाताळते, तिसरा आणखी काही करतो, आणि मग मीटिंग दोनदा दिसते नाहीतर गायबच होते.

मार्चमधली ‘कॉलची वेळ बदलली’ ही तक्रार मात्र सिंकची, म्हणजे प्रत मागे पडल्याची, नसते. डेट्रॉइटच्या ग्राहकाचा सकाळी ९ चा साप्ताहिक कॉल आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी ७:३० ला असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची घड्याळं पुढे जातात आणि तोच कॉल ६:३० ला येतो. इन्व्हाइट तिकडच्या वेळेला बांधलेलं असतं, त्यामुळे कॅलेंडर बरोबरच दाखवतं. जर्मनीची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणून मधले दोन-तीन आठवडे कॉलवर असणाऱ्या तिथल्या इंजिनिअरांना हा कॉल दुपारी ३ ऐवजी २ ला पडतो. मार्च लागला की मी आपल्याकडच्या, डेट्रॉइटच्या आणि जर्मनीच्या माणसांना मेल टाकते, तिन्ही ठिकाणची वेळ तारखेसमोर लिहून.